‘येते’च्या जागी ‘आली’

मी आयुष्यभर बटणं लावायचं काम केलं असं सांगितलं की लोकांना माझं शिलाईचं दुकान असावं असं वाटतं. अलिबागला आमच्या आळीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी तर खरंच नवऱ्याचा शर्ट पिशवीत घालून आणला होता. मी सुईदोरा काढून बटण लावून दिलं आणि मग माझी बटणं त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवली. "ही तुटत नाहीत, बरंय," त्या म्हणाल्या. मी हसले आणि चहा टाकला.

तीसेक वर्षं मी आमच्या भागातल्या लहान धंद्यांसाठी प्रोग्राम लिहिले. मोबाइलवरचे नव्हेत. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारे, ज्यात एक खिडकी उघडते, खिडकीत भरायचे रकाने असतात आणि खाली बटणं. ती मांडणं हा दिसायला पोरखेळ आहे. कोऱ्या खिडकीवर बारीक ठिपक्यांची जाळी असते, बाजूच्या पेटीतून बटण उचलायचं, माऊसने ओढत न्यायचं आणि ठिपक्यांवर सोडायचं. पण कुठे सोडायचं यातच सगळी अक्कल लागते. ‘जतन करा’च्या शेजारी ‘पुसून टाका’ ठेवायचं नाही. दिवसातून शंभरदा लागणारं बटण हाताशी हवं, वर्षातून एकदा लागणारं कोपऱ्यात. आणि जे बटण या क्षणी दाबणं चूक आहे ते राखाडी करून ठेवायचं, म्हणजे दाबलं तरी दबत नाही.

हे सगळं पुस्तकात असतं. पुस्तकात जे ठसवून सांगत नाहीत ते मी गिऱ्हाइकांकडून शिकले. माणसं बटणावरची अक्षरं वाचत नाहीत. पहिले चार दिवस वाचतात, मग हाताला जागा पाठ होते. स्वयंपाकघरात आपण मिठाची बरणी बघून थोडीच उचलतो, हात आपोआप तिकडे जातो. कोणी बरण्या हलवल्या की मग आमटीत साखर पडते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची मिळाली. किहीमला नारळाच्या वाडीत कॉटेजेस चालवणारे एक गृहस्थ होते. ‘खोली रिकामी’ हे बटण लालभडक हवं म्हणून ते हटून बसले. मी म्हटलं, भरलेली खोली लाल दाखवायची पद्धत आहे, म्हणजे ती कोणाला द्यायची नाही हे कळतं. ते म्हणाले, "वहिनी, माझ्यासाठी रिकामी खोली हाच धोका आहे." बिनतोड होतं ते, मी रंग बदलला. हरिहरेश्वरला एका लॉजचे मॅनेजर ‘ओके’ या शब्दावरच चिडायचे. प्रत्येक सूचनेखाली ते बटण यायचं. "मला जे पटलेलंच नाही त्याला मी ओके का म्हणू? ही दादागिरी आहे," असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांच्यासाठी मी ‘वाचलं’ असं बटण केलं. ते वाचत नव्हतेच, पण समाधानाने दाबायचे.

या गमतींवर मी थांबले असते तर लेख हलकाफुलका झाला असता. संपादकांनाही तेच हवं होतं. पण या धंद्यातली जी गोष्ट माझ्या जिवाला लागून राहिली आहे ती वेगळीच आहे, आणि ती टाळून बाकीचं लिहायला हात धजत नाही. काशीदच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, गावाचं नाव घेत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

तिथे मच्छीमारांची एक सोसायटी आहे. कोणती बोट कधी समुद्रावर गेली, तिच्यावर किती माणसं होती आणि ती कधी परत आली, याची नोंद सोसायटीच्या खोलीत होते. वर्षानुवर्षं ही नोंद यमुनामावशी मोठ्या वहीत करायच्या. पन्नाशीच्या बाई, अक्षर टपोरं, आवाज बंदरापर्यंत जाईल असा. सोसायटीने कॉम्प्युटर घेतला आणि वहीचा प्रोग्राम करायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन बटणं केली, ‘गेली’ आणि ‘आली’. बोटीचं नाव निवडायचं, बटण दाबायचं, वेळ आपोआप पडते. याहून सोपं काय असणार?

मावशींनी पडदा बघितला आणि खुर्ची मागे घेतली. "ह्ये काडून टाक."

"कोणतं?"

"ह्ये गेली. गेली कोनाला म्हनतात, तुला ठाव न्हाय?"

मला ठाऊक होतं. आपल्याकडे घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. पण हे प्रोग्रामलाही लागू असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ‘रवाना’ सुचवलं. "त्ये पोलीस चौकीत," मावशी म्हणाल्या. मी ‘बाहेर’ सुचवलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"मग काय लिहू?"

"आमची मानसं निगताना काय बोलतात? येतो. तर बोट बी येते. लिव, येते."

असं ते ठरलं. ‘येते’ म्हणजे बोट समुद्रावर निघाली आणि ‘आली’ म्हणजे परत लागली. माझ्या धंद्याच्या हिशोबाने ही मोठीच चूक होती. एकाच क्रियापदाची दोन रूपं, अर्थ एकमेकांच्या उलट, आणि शेजारी शेजारी. मी तसं बोलूनही दाखवलं. मावशींनी मला खिडकीशी नेलं. त्यांच्या टेबलावर बसलं की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला वस्ती. "येते डावीकडं ठेव, आली उजवीकडं. दर्या तिकडं, घर इकडं. आता सांग, कोन चुकंल?"

मी कबूल झाले. माझ्या सगळ्या कामात इतकी चांगली मांडणी दुसरी नाही, आणि ती माझी नव्हती. मावशी खिडकीतून निघणाऱ्या बोटीकडे बघत बघत बटण दाबायच्या, पडद्याकडे मान वळवायच्याही नाहीत. मी नव्या गिऱ्हाइकांना ही हकीकत कौतुकाने सांगायचे.

त्यात एक गोष्ट मी सांगत नसे. सुरुवातीला मी अशी सोय केली होती की जी बोट समुद्रावर गेलेलीच नाही तिच्यासाठी ‘आली’ राखाडी राहील. पुढे काही बोटी दुसऱ्या बंदरातून निघून या बंदराला लागायला लागल्या. ‘आली’ दबेना. मावशींनी फोन केला. नीट करायचं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी कंटाळा केला आणि तो राखाडीपणाच काढून टाकला. त्यानंतर कोणतंही बटण कधीही दबायला लागलं. तक्रार संपली म्हणून मलाही बरं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी सोसायटीने नवा रुंद पडद्याचा कॉम्प्युटर घेतला. सेक्रेटरींना त्याच खिडकीत बर्फाची आणि डिझेलची नोंद हवी होती, म्हणजे दोनाची चार बटणं झाली. जुन्या दोघांच्या कडेला नवी दोन चिकटवली तर चाललं असतं. पण मला त्या दिवसांत नीटनेटकेपणाची हौस आली होती. मी चारही बटणं एका ओळीत, सारख्या आकाराची, शब्दकोशाच्या क्रमाने लावली. आली, डिझेल, बर्फ, येते. जरा मागे सरून बघितलं. ओळ छान दिसत होती.

म्हणजे ‘आली’ डावीकडे गेली आणि ‘येते’ उजवीकडे. हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि दोन दिवसांत सवय होईल असं मी मनाशी म्हटलं. मावशी त्या दिवशी भाचीच्या हळदीला रेवदंड्याला गेल्या होत्या. नवी मांडणी केली की वापरणाऱ्याच्या शेजारी बसून पहिल्या दहा नोंदी करून घ्यायच्या, हा माझा स्वतःचा नियम होता आणि तोवर तो मी कधी मोडला नव्हता. पण मला पेणला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पोचायचं होतं. मी सेक्रेटरींना सांगितलं, "मावशींना सांगा, बटणं हलली आहेत. बघून दाबायचं." ते हो म्हणाले आणि मी एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोटी निघाल्या. पहिली जी निघाली तिच्यावर नाखवा धरून पाच माणसं होती. त्यातला एक हरेश, चोवीस वर्षांचा, मावशींच्या भिंतीला भिंत लागून घर असलेला. मावशींनी नेहमीसारखं खिडकीतून त्यांना हात केला आणि नेहमीच्या जागी बटण दाबलं. पडद्यावर ‘नोंद झाली’ असं आलं. दोन्ही बटणांना मी तेवढाच मजकूर ठेवला होता. तेवढ्यात सेक्रेटरी आले आणि निरोपाची आठवण होऊन म्हणाले, "मावशी, बटनं बदललीत, बघून दाबा." तिथून पुढे मावशींनी पडद्याला नाक लावून दाबली. उरलेल्या अकरा बोटी ‘येते’ म्हणून नोंदल्या गेल्या. पहिलीची ‘नोंद झाली’ असं पडद्यावर आलंच होतं, म्हणून तिच्याकडे कोणी परत वळलं नाही, ती तेवढी ‘आली’ राहिली. म्हणजे आमच्या प्रोग्रामच्या मते ती बंदरातच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्याची सूचना आली, बोटी ताबडतोब बोलावून घ्या म्हणून. सेक्रेटरींनी ‘बाहेरच्या बोटी’ची यादी काढली. तिच्यात अकरा नावं होती. वायरलेसवर एकेकीला गाठून त्यांनी नावापुढे खूण केली. हरेशची आई ऑफिसच्या दारात आली आणि तिने विचारलं, "सगल्यांना कलवलं?" सेक्रेटरी म्हणाले, "व्हय, सगल्यांना. यादी पुरी जाली." ती निर्धास्त होऊन घरी गेली. तिने आकडा विचारला नाही, आणि ती तरी का विचारील?

संध्याकाळच्या आत अकरा बोटी लागल्या. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की एक नाही. वायरलेस लावला तेव्हा ती बोट आभाळ बघून आपणहून वळलेली होती, पण उशिरा. खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहिल्या होत्या. तिथे ती उलटली. चौघांना ओढून काढता आलं. हरेशचा देह त्यानंतर दोन दिवसांनी किनाऱ्याला लागला.

मला कॉम्प्युटर तपासायला बोलावलं. पाच मिनिटांत सगळं समोर आलं. बोटीचं नाव, पहाटेची वेळ आणि पुढे ‘आली’. मी खिडकीतल्या माझ्या त्या देखण्या ओळीकडे बघितलं. राखाडीपणा काढला नसता तर ते ‘आली’ दबलंच नसतं. शेजारच्या खोलीत मीटिंग भरली होती. बाया भिंतीशी बसल्या होत्या, हरेशची आईही. चेअरमन वयस्क, शांत गृहस्थ. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटरमदे काय खोट हाय का?"

मी म्हटलं, "नाही. प्रोग्राम बरोबर चालतोय."

आमच्या धंद्यात हे वाक्य रोज बोललं जातं. बटणावर जे लिहिलंय तेच ते दाबल्यावर झालं, तर प्रोग्राम बरोबर. म्हणजे मी अक्षरशः खरं बोलले होते. आजवर इतकी लबाडी मी दुसऱ्या कोणत्या खऱ्या वाक्यात केली नसेल. पुढचं वाक्य तोंडाशी होतं, की बटणं मी हलवली आणि मावशींना मी सांगितलं नाही. पण त्याआधीच मावशी उभ्या राहिल्या.

"माजी चूक हाय," त्या म्हणाल्या. "माज्या डोल्यांना दिसत न्हाय. दोन वर्सं जाली. मी कोनाला बोलली न्हाय."

खोलीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मोतीबिंदू लपवून टेबल अडवून बसलेली बाई. लोकांना हवं ते उत्तर मिळालं होतं. हरेशची आई पदर तोंडावर घेऊन उठून गेली. मी माझं वाक्य गिळलं. मावशींनी ते काम सोडलं, म्हणजे सोडावंच लागलं. आणि त्याच दुपारी, खोली रिकामी झाल्यावर, मी ‘येते’ डावीकडे आणि ‘आली’ उजवीकडे करून ठेवली. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दुपारची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी मी काम बंद केलं. लोक म्हणाले, मोबाइल आले, तुमच्यासारख्यांचे दिवस संपले. मी मान डोलावली. खरं म्हणजे कोऱ्या खिडकीवर बटण सोडताना माझा हात थांबायला लागला होता. गावाकडून अधूनमधून कळायचं, हरेशची आई यमुनामावशींशी बोलत नाही. दोघींचा पाण्याचा नळ एक, ओटा एक, आणि शब्द नाही. गावानेही तिचीच बाजू धरली होती.

या वर्षी गणपतीनंतर मी मावशींकडे गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, चष्मा जाड होता. मी वाटेत घोकून आलेलं सगळं एका दमात सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरीनं तवाच सांगितलं नव्हतं का, बटनं बदललीत म्हनून."

"मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"बोलून काय, हरेश येनार होता?" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "अन् डोले माजे गेलेच होते. त्ये खोटं न्हाय. धड दिसत असतं तर नवं बटन बी दिसलं असतं."

मी म्हटलं, मी त्याच्या आईला जाऊन सांगते. तशी त्यांनी माझा हात धरला.

"नको जाऊस. तिला राग धरायला कोनतरी पायजे. मी रोज सकाली तिच्या डोल्यांपुढं हाय. मला बघते, तोंड फिरवते अन् मंग चूल पेटवते. तेवड्यावर ती उटते, बाय. तू अलिबागची. तुज्यावर राग धरून तिला काय मिलनार?"

माझी चूक या बाईने तीन वर्षं दारात उभी करून ठेवली होती, शेजारणीला हाताशी असावी म्हणून. त्यांचं म्हणणं कदाचित बरोबरही असेल. पण मी त्यांचं ऐकलं नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांच्यासाठी गेले असं म्हणायला आवडलं असतं, पण थोडी मी माझ्यासाठीही गेले असणार.

हरेशची आई वाळूत कापड अंथरून जवळा वाळत घालत होती. मी कोण ते सांगितलं. तिने ओळखलं, मान हलवली, हात थांबवला नाही. मी सगळं सांगितलं. शब्दकोशाचा क्रम, रेवदंड्याची हळद, पेणची एसटी आणि मीटिंगमध्ये गिळलेलं वाक्य. ती जवळा पसरत होती आणि मध्येच त्यातली शिंपली वेचून बाजूला टाकत होती.

"बटन केवडं असतं?" तिने विचारलं.

मी अंगठा आणि बोट धरून दाखवलं.

"अन् हलवलंस किती?"

मी पंजा ताणून वीत दाखवली. ती त्या वितीकडे बघत राहिली. हात खाली घ्यावा की नाही मला कळेना, म्हणून तसाच धरून ठेवला.

"यमुनाला ह्ये ठाव होतं?"

"मीटिंगच्या आधीपासून."

"अन् गप रायली?"

"हो."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. लुगड्याला हात पुसले. मला ती वाईटसाईट बोलेल म्हणून मी तयारी केली होती, ते मला हवंही होतं. पण माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मधून ती वस्तीच्या दिशेने चालायला लागली. स्वतःच्या दाराशी आली, थांबली नाही. पुढच्या दाराशी थांबली. हाक मारली नाही. थोडा वेळ नुसती उभी राहिली आणि मग वाकून आत गेली.

इकडे कावळे जवळ्यावर उतरले. तिची कावळे हाकायची काठी वाळूत पडली होती, ती मी उचलली. दुपार कलली तरी ती बाहेर आली नव्हती. मी कावळे हाकत बसले.